फरशी कापताना उडणारी धूळ : आजार, तपासणी आणि बचाव



गेल्या बुद्धपौर्णिमेच्या आधी आमच्या वस्तीतल्या विहारात फरशी बदलण्याचे काम निघाले. वर्गणीतून फरशी आली आणि मजुरीचे पैसे वाचावेत म्हणून तरुण मंडळींनी श्रमदान करायचे ठरवले. तीन दिवस काम चालले. शेजारच्या घरांत धूळ जाते म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. आत एकजण कटरने फरशी कापत होता, दुसरा ती पायाने दाबून धरत होता आणि दोन भगिनी पडलेला चुरा लगेच झाडूने गोळा करत होत्या. कोणाच्या तोंडाला रुमाल होता, कोणाच्या ओढणी, कोणाच्या काहीच नव्हते. संध्याकाळी तथागतांच्या मूर्तीवर आणि बाबासाहेबांच्या तसबिरीवर पांढरा थर बसला होता. तो ओल्या फडक्याने पुसला आणि काम झाले असे सगळ्यांना वाटले.

वस्तीतले एक जुने फरशी मिस्त्री त्या दिवशी बाहेर पायरीवर बसून सूचना देत होते. त्यांचे वय पन्नाशीच्या आतच आहे. पंचवीस वर्षे त्यांनी शहरातल्या इमारतींत फरशा बसवल्या. आज ते एक जिना चढले तरी कठड्याला धरून उभे राहतात. त्यांना दोनदा टीबीचे औषध दिले गेले. दोन्ही वेळा थुंकीत जंतू सापडले नव्हते, छातीच्या फोटोवर डाग होते एवढ्यावरूनच औषध सुरू झाले होते. तिसऱ्या ठिकाणी एका डॉक्टरांनी विचारले, "काका, तुम्ही काम काय करता?" त्या प्रश्नानंतर आजाराचे खरे नाव कळले : सिलिकोसिस.

या महिन्याच्या आरोग्य पानावर याच आजाराचा अभ्यास करू. कटर, ग्राइंडर, ड्रिल ही एकेकाळची कारखान्यातली यंत्रे आज गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, भाड्यानेही मिळतात. यंत्र घरापर्यंत आले, पण ते कसे वापरायचे याची कारखान्यात दिली जाणारी शिस्त त्याच्याबरोबर आली नाही. नाक्यावर उभे राहणाऱ्या आपल्या बांधवांपैकी कितीतरी जणांचे पोट याच यंत्रांवर आहे. म्हणून ही माहिती प्रत्येक घरात गेली पाहिजे.

सिलिका म्हणजे काय?

पृथ्वीच्या कवचात सर्वाधिक आढळणाऱ्या पदार्थांपैकी सिलिका एक आहे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन मिळून ती बनते. स्फटिकाच्या रूपातली सिलिका म्हणजे क्वार्ट्झ, आपल्याकडे तिला गारगोटी म्हणतात. नदीची वाळू बहुतांशी क्वार्ट्झचीच असते. काच वाळूपासून होते. काँक्रीट, प्लास्टर, विटा, चिनी मातीची भांडी, विट्रिफाइड टाइल्स या सगळ्यांत कमी-अधिक सिलिका असते.

दगडांमध्येही फरक आहे. वालुकाश्म, म्हणजे ज्याला सँडस्टोन म्हणतात, त्यात सिलिका फार जास्त असते. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव ते एक तृतीयांश सिलिका धरून चालावे. कोटा दगड आणि संगमरवर मुळात चुन्याच्या जातीचे असल्याने त्यांत ती कमी असते, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. सर्वांत धोकादायक आहे तो नव्या स्वयंपाकघरांच्या ओट्यावर बसवला जाणारा कृत्रिम क्वार्ट्झ दगड. दगडाची पूड राळेत घट्ट करून तो तयार करतात. त्यात सिलिकेचे प्रमाण ९० टक्क्यांच्याही पुढे असू शकते.

बसवलेली फरशी, बांधलेली भिंत, ओटा यांपासून कोणाला काही होत नाही. त्यावर बसा, झोपा, जेवा. धोका सुरू होतो तो दगड कापताना, घासताना, भोक पाडताना, फोडताना आणि झाडताना. या कामांत त्याची इतकी बारीक पूड होते की ती श्वासाबरोबर आत जाते.

दिसणारी धूळ आणि न दिसणारी धूळ

छिन्नी-हातोड्याने दगड फोडला तर मोठे तुकडे पडतात आणि थोडी धूळ उडते. हातातला छोटा ग्राइंडर मात्र मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. त्याची हिऱ्याच्या कणांची चकती दगडाला कापते म्हणजे खरे तर त्याचे पीठ करते. त्यामुळे ज्या कामात पूर्वी चिमूटभर पूड निघत होती तिथे आता पाच मिनिटांत खोली भरून ढग उठतो.

या ढगातले मोठे कण नाकाच्या केसांत आणि घशात अडकतात, शिंकेतून किंवा कफातून बाहेर पडतात. ते आपल्याला दिसतात, म्हणून आपण त्यांनाच घाबरतो. खरे नुकसान करणारे कण डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचणारे कण ५ मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक. ते इतके हलके असतात की बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. ढग खाली बसला, आता मास्क काढायला हरकत नाही, असे वाटते त्या वेळीही ते हवेत असतात.

किती धूळ चालते? अमेरिकेने २०१६ साली केलेल्या नियमाप्रमाणे कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या सरासरीने एक घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त बारीक स्फटिक सिलिका असता कामा नये. कष्टाचे काम करणारा माणूस आठ तासांच्या पाळीत सुमारे १० घनमीटर हवा श्वासात घेतो. हिशेब केला तर दिवसभरात अर्धा मिलिग्रॅम. साखरेचा एक दाणाही याहून जड भरतो. बंद खोलीत कोरडी टाइल कापणारा माणूस ही मर्यादा काही मिनिटांत ओलांडू शकतो.

छातीत नेमके काय घडते?

आपल्या फुफ्फुसांत पहारेकरी पेशी असतात. जंतू, काजळी, धूळ असे बाहेरचे काही आत आले की त्या त्याला गिळून नष्ट करतात. सिलिकेचा कण गिळल्यावर मात्र तो पचत नाही, उलट ती पेशीच मरते. मरताना तिच्यातून दाह करणारी द्रव्ये बाहेर पडतात आणि कण पुन्हा मोकळा होतो. दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. असे वर्षानुवर्षे चालते. जिथे जिथे हा दाह होतो तिथे जखम भरल्यावर राहावी तशी कडक गाठ तयार होते. फुग्यासारखे लवचीक असणारे फुफ्फुस हळूहळू ताठर होते आणि रक्तात प्राणवायू पुरेसा जात नाही.

हा आजार तीन प्रकारांनी दिसतो. थोडी थोडी धूळ दहा वर्षांहून अधिक काळ जात राहिली तर जुनाट सिलिकोसिस होतो. हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. धूळ जास्त असेल तर तोच आजार पाच ते दहा वर्षांत येतो. धूळ प्रचंड असेल, जसे बंद जागेत वाळूचा मारा करून गंज काढण्याच्या कामात असते, तर काही आठवड्यांपासून काही वर्षांच्या आत फुफ्फुसांत पाण्यासारखा द्रव भरतो आणि तरुण माणूस दगावतो.

सुरुवातीला काहीही जाणवत नाही. नंतर कोरडा खोकला, घमेले घेऊन चढताना लागणारा दम, पूर्वीइतके काम न होणे, थकवा, छाती भरल्यासारखी वाटणे ही लक्षणे येतात. पुढे वजन उतरते आणि बसल्याजागी धाप लागते. तयार झालेल्या गाठी विरघळवणारे औषध आज नाही. काम सोडले तरी आत गेलेले कण तिथेच राहतात, त्यामुळे काहींचा आजार पुढेही वाढत जातो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली स्फटिक सिलिकेची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे.

मात्र हा आजार शंभर टक्के टाळता येतो. धूळ आत गेली नाही तर सिलिकोसिस होतच नाही. त्याला दुसरे कोणतेही कारण नाही, तो वंशाने येत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

पाटीवरच्या पेन्सिलीची गोष्ट

आपल्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी पहिले अक्षर पाटीवर दगडी पेन्सिलीने गिरवले. ती पेन्सिल येत होती प्रामुख्याने मध्य प्रदेशातल्या मंदसौर भागातून. तिथे पाटीचा दगड यंत्राच्या करवतीने कापून त्याच्या कांड्या करत. करवतीशी बसलेला कामगार दिवसभर त्या धुळीत असे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या कामगारांची तपासणी केली तेव्हा तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना सिलिकोसिस असल्याचे आढळले. शिक्षणाचे मोल आपल्या समाजाला कोणी वेगळे सांगायला नको. पण ज्या कांडीने आपण शिकलो ती कापताना कोणाचे तरी फुफ्फुस दगड झाले होते, हेही आपल्याला माहीत असले पाहिजे.

दुसरी घटना गुजरातची. गोध्रा परिसरातल्या क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशच्या झाबुआ, अलीराजपूर भागातले आदिवासी मजुरीला जात. तिथे दळलेली पूड काचकारखान्यांना जाई. काही महिने काम करून परतलेले तरुण गावात एकामागून एक मरू लागले. प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१६ साली न्यायालयाने २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. राजस्थानात वालुकाश्माच्या खाणी आहेत. तिथल्या सरकारने २०१९ साली सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण आणले. तिकडे ऑस्ट्रेलियात ओट्याचा कृत्रिम दगड कापणारे तरुण कामगार आजारी पडू लागले, तेव्हा १ जुलै २०२४ पासून तो दगड बनवण्यावर, पुरवण्यावर आणि बसवण्यावरच बंदी आली.

आपल्या महाराष्ट्रात हा धोका खडी क्रशरवर आहे, कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या फाउंड्रीत वाळूचे साचे फोडणाऱ्यांना आहे, काचकामात आहे. आणि प्रत्येक शहरातल्या फरशी मिस्त्री, ग्रॅनाइट कटिंगवाले, भिंतीत वायरसाठी खाचा पाडणारे वायरमन, प्लंबर, त्यांच्या हाताखालचे बिगारी यांना आहे. झाडणाऱ्या, वाळू चाळणाऱ्या आणि कोरडे मिश्रण घमेल्यात भरणाऱ्या बाया यंत्राला हात लावत नाहीत, म्हणून त्यांचा धोका कोणी मोजत नाही. धूळ मात्र त्यांच्याही श्वासात तेवढीच जाते.

टीबी आणि सिलिकोसिस : गफलत कुठे होते?

दोन्ही आजारांत खोकला, दम, वजन उतरणे असते. दोन्ही आजारांचे डाग छातीच्या फोटोत बहुधा वरच्या भागात दिसतात. त्यामुळे गफलत होते. पण गोष्ट एवढी सोपी नाही. टीबीच्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी त्याच असतात ज्यांना सिलिका मारते. म्हणून सिलिकोसिसच्या माणसाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो आणि दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. "तुमचा टीबी नाही, धुळीचा आजार आहे" असे स्वतःच ठरवून औषध सोडून देणे म्हणजे जिवाशी खेळ.

म्हणून पुढील क्रम लक्षात ठेवा.

१. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रांवर टीबीचे जंतू आणि औषधाला दाद न देणारा टीबी या दोन्हींचा शोध घेता येतो. तपासणी आणि औषध मोफत आहे. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपये खात्यावर जमा होतात.

२. डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा : मी काय काम करतो, किती वर्षे करतो, कोणता दगड कापतो, कोरडा की ओला. काम सोडून दहा वर्षे झाली असली तरी सांगा. इटलीचे वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांनी रुग्णाला त्याचा धंदा विचारलाच पाहिजे असा आग्रह धरला. तीनशे वर्षांनंतरही हा प्रश्न गर्दीच्या दवाखान्यात राहून जातो. तेव्हा उत्तर आपणच तयार ठेवावे.

३. थुंकीत जंतू नाहीत आणि फोटोत डाग आहेत, किंवा टीबीचा कोर्स पूर्ण होऊनही दम कमी होत नाही, असे असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या छातीरोग विभागात जा. तिथे फोटो पुन्हा वाचला जातो आणि फुफ्फुसाची ताकद मोजणारी फुंकर मारायची तपासणी होते.

४. छातीचे सगळे फोटो, अगदी जुनेसुद्धा, जपून ठेवा. पाच वर्षांपूर्वीचा फोटो आजच्या फोटोशेजारी ठेवला की डॉक्टरांना फार मदत होते. भरपाईच्या अर्जातही तो पुरावा असतो.

५. धुळीचे काम करणाऱ्याने त्रास नसला तरी वेळोवेळी छातीचा फोटो आणि फुंकर तपासणी करून घ्यावी. दर वर्षी घरात कोणाचा तरी वाढदिवस होतोच. त्या आठवड्यात तपासणी असा नेम ठेवला तर विसर पडत नाही.

बचाव कसा करायचा?

पहिला उपाय पाणी. कापताना चकतीवर पाण्याची सतत धार असेल तर पूड चिखल होऊन खाली पडते, हवेत जात नाही. बाजारात पाण्याची नळी जोडायची सोय असलेले कटर मिळतात, तेच घ्यावेत. टाइल कापायचा हाताचा दांडीवाला कटर तर विजेशिवाय चालतो. तो टाइलवर रेघ मारून ती मोडतो आणि त्यात धूळ जवळपास होतच नाही. सरळ कापांसाठी तोच वापरावा.

पाणी आणि वीज एकत्र आले की शॉकचा धोका असतो. म्हणून ज्या यंत्राला पाण्याची सोय नाही त्यावर बाटलीने पाणी ओतू नये. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. गळती झाली तर तो क्षणात वीज तोडतो. वायर सोललेली नको, जोड पाण्यात नको, उघड्या वायरी पिनच्या भोकांत खुपसणे तर मुळीच नको. पायात रबरी बूट असावेत.

दुसरा उपाय मोकळी जागा. कापायचे काम खोलीत करू नये. अंगणात, गच्चीवर करावे आणि वाऱ्याकडे पाठ नव्हे तर बाजू असावी, म्हणजे धूळ अंगावर फिरून येत नाही. लहान मुले, गरोदर भगिनी आणि दमेकरी यांना दूर ठेवावे. मापे आधी नीट घेऊन सगळ्या फरशा एकदम कापल्या तर दिवसभर धूळ राहत नाही.

तिसरा उपाय मास्क. हा तिसराच आहे, पहिला नाही. पाणी आणि मोकळी हवा करूनही जी धूळ उरते तिच्यासाठी मास्क असतो. रुमाल, गमछा, ओढणी, कापडी किंवा निळा सर्जिकल मास्क हे मोठे कण अडवतात, बारीक कण अडवत नाहीत. शिवाय ते कडेने उघडे असतात. एन-९५ किंवा एफएफपी-२ हे अक्षर असलेला मास्क घ्यावा. भारतीय मानक आयएस ९४७३ ची खूण पाहावी. दोन्ही पट्ट्या डोक्यामागून जाणारा मास्क कानात अडकवायच्या मास्कपेक्षा घट्ट बसतो. नाकावरची पट्टी दाबून जोरात श्वास सोडावा. कडेने हवा लागली तर मास्क नीट बसलेला नाही असे समजावे. दाढीवर तो नीट बसत नाही. श्वास घ्यायला जड जाऊ लागले, मास्क ओला झाला किंवा फाटला की बदलावा. झटकून, धुऊन पुन्हा वापरू नये. डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा असावा. ग्राइंडरचे संरक्षक कव्हर कधीही काढू नये आणि लाकडाचे दातेरी ब्लेड त्याला लावू नये. चकती फुटली किंवा अडकून उसळली तर हात-चेहरा वाचत नाही.

चौथा उपाय झाडूचा. कोरडे झाडू नये. आधी पाणी शिंपडावे, मग चिखल फावड्याने उचलावा किंवा ओल्या पोत्याने पुसून घ्यावे. पंख्याने धूळ उडवून लावणे, कपडे हवेच्या नळीने झटकणे हे टाळावे.

पाचवा उपाय घराचा. कामाचे कपडे वेगळे ठेवावेत. घरी येताना बदलावेत, निदान दाराबाहेर काढावेत. ते झटकू नयेत, सरळ पाण्यात बुडवावेत. नाहीतर कटर चालवणाऱ्याची धूळ कपडे धुणाऱ्या पत्नीच्या आणि मांडीवर येऊन बसणाऱ्या लेकराच्या श्वासात जाते. जेवणाआधी हात-तोंड धुवावे. सिमेंट हाताळणाऱ्यांनी तर हे आवर्जून करावे. ओले सिमेंट तीव्र अल्कली असते, ते कातडी जाळते आणि काहींना त्यातल्या क्रोमियममुळे कायमची खाज लागते. डोळ्यात सिमेंट किंवा चुना गेला तर तेल-तूप न घालता किमान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि मग दवाखाना गाठावा.

काही गैरसमज

"गूळ खाल्ला की धूळ निघून जाते." हा समज गिरणीपासून क्रशरपर्यंत सगळीकडे आहे, काही मुकादम तर संध्याकाळी गुळाचा खडा वाटतात. गूळ जातो पोटात, धूळ आहे फुफ्फुसात. दोघांची गाठ पडत नाही. घशाची खरखर कमी होईल इतकेच. गूळ जरूर खावा, पण त्याच्या बदल्यात मास्क सोडू नये. हेच केळी आणि दुधाचे.

"थोडी दारू घेतली की छाती मोकळी होते." नाही. दारूने श्वासाचा त्रास जाणवणे थोडा वेळ कमी होते, आजार तिथेच राहतो आणि टीबीचा धोका वाढतो. पंचशीलाचे पाचवे शील आपल्याला ठाऊक आहे, त्याचे आरोग्याचे कारण हेही आहे. बिडी-सिगारेट तर आधीच जखमी फुफ्फुसावर दुसरा घाव घालते.

"आता सवय झाली, काही होत नाही." सवय होते ती नाकाला आणि घशाला. फुफ्फुसाला सवय होत नाही.

"मास्क लावला तर लोक हसतात." हसू द्या. उद्या प्राणवायूची नळी लावावी लागली तर कोणी हसायला येत नाही आणि मदतीलाही फार थोडे येतात.

आपले हक्क

सिलिकोसिस हा कळवण्याजोगा व्यावसायिक आजार आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश होता आणि २०२० च्या नव्या कामगार संहितेतही तो या यादीत आहे. असा रुग्ण आढळला तर डॉक्टरांनी संबंधित कार्यालयाला कळवायचे असते. नोकरीमुळे जडलेला आजार म्हणून त्याची भरपाई मागता येते आणि ईएसआय कार्डधारकाला त्या योजनेतून उपचार व लाभ मिळतात.

अडचण नाक्यावरच्या मजुराची आहे. आज या साइटवर, उद्या त्या. मालक कोण हेच सांगता येत नाही. म्हणून महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या. वय १८ ते ६० असावे आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचे काम केलेले असावे. त्याचा दाखला जोडावा लागतो. नोंदणीचे दर वर्षी नूतनीकरण करावे. महिलांनी "आम्ही फक्त बिगारी" म्हणून मागे राहू नये, त्याही बांधकाम कामगारच आहेत. त्याशिवाय एक साधी वही ठेवा : तारीख, साइटचे ठिकाण, ठेकेदाराचे नाव, केलेले काम. मोबाइलवर कामाच्या जागेचा फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी कोणी विचारले, "तुम्हाला धूळ कुठे लागली?" तर ही वही बोलेल.

बाबासाहेबांची आठवण

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरिया भागातल्या कोळसा खाणींत स्वतः उतरले आणि मजूर कुठे राबतात, कुठे राहतात हे त्यांनी पाहिले. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ सालची. अभ्रकाच्या खाणीतल्या मजुरांसाठी कल्याण निधीचा कायदाही त्याच वर्षीचा. कामगाराचे आरोग्य ही मालकाची मेहेरबानी नसून त्याचा हक्क आहे, ही भूमिका त्यामागे होती.

तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. आपण ती बहुधा इतकीच समजतो की आपल्या धंद्याने कोणाला इजा होऊ नये. त्यात आपण स्वतः आणि आपल्या हाताखालचा बिगारीही येतो. अप्रमाद म्हणजे सावधपणा. तो ध्यानाला बसताना जसा हवा तसाच कटरचे बटण दाबतानाही हवा.

आमच्या विहाराचे काम अजून पुरते झालेले नाही. मागच्या बाजूचा ओटा आणि पायऱ्या राहिल्या आहेत. या वेळी समितीने आधी बैठक घेतली. ग्रॅनाइट दुकानातूनच मापाने कापून आणायचे ठरले. जे काही थोडे कापायचे राहील ते मागच्या अंगणात, पाण्याच्या धारेखाली. वर्गणीतून एन-९५ मास्कचा एक डबा आणि आरसीसीबी लावलेला एक बोर्ड घेतला आहे. तो बोर्ड विहारातच राहील आणि वस्तीत ज्याला काम असेल त्याने नोंद करून न्यायचा आहे. कोरडा झाडू कोणी हातात घेतला तर हटकायचे काम महिला मंडळाकडे आहे. सूचना द्यायला मिस्त्री काका येणार आहेत. त्यांची खुर्ची मात्र या वेळी वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवायची आहे.

आपल्या वस्तीत, विहारात, घरात काम निघाले तर हे पान फाडून भिंतीवर लावा. आणि जो भाऊ कटर चालवणार आहे त्याला काम सुरू होण्याआधी वाचून दाखवा.

जयभीम, नमो बुद्धाय.